डावावर आणि गुणांवर : कोल्हापुरी कुस्तीच्या बोलीतील मल्लप्रतिमा

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला बावडा आठवतो तो रामचंद्रपंत अमात्यांमुळे. आज्ञापत्राचे कर्तृत्व ज्यांच्याकडे दिले जाते, त्या अमात्यांच्या घराण्याची ही जहागीर. कोल्हापूरच्या पश्चिमेला सुमारे पंचावन्न किलोमीटरवर, करूळ आणि भुईबावडा हे दोन घाट जिथून कोकणात उतरतात त्या ऐन सह्यमाथ्यावर आजचे गगनबावडा वसले आहे. जिल्ह्यातील सर्वाधिक पाऊस याच तालुक्यात पडतो. कुस्तीच्या दृष्टीने हा तपशील अप्रस्तुत नाही. दसरा-दिवाळीनंतर सुरू होणारी मैदाने चैत्र-वैशाखातील यात्रांपर्यंत चालतात आणि मृगाच्या तोंडावर थांबतात. पुढचे चार महिने कुस्ती तालमीच्या चार भिंतींआड जाते. बाहेर उरते ते कुस्तीविषयीचे बोलणे. गेल्या हंगामातली कोणती जोड विजोड होती, कोणाची पाठ खरोखर टेकली, कोणता मल्ल अंग राखून लढला, या प्रश्नांचा खल घाटमाथ्यावरच्या पावसात जितका रंगतो तितका कदाचित खुद्द मैदानातही रंगत नसेल. मैदानापासून दूर असणाऱ्याला दृश्याची जागा शब्दांनी भरून काढावी लागते.

या बोलण्याकडे वाङ्मयीन अभ्यासाचे लक्ष फारसे गेलेले नाही. डावपेचांची नोंद मराठीत झाली आहे; दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून संपादित केलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड तिची साक्ष देतात. त्याआधीची परंपरा पाहायची तर बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त 'मल्लविनोद' नावाचे प्रकरणच आहे आणि त्यात मल्लांची प्रतवारी, त्यांचा आहार, त्यांचा सराव यांची चर्चा आहे. परंतु ही सारी शास्त्रे मल्लासाठी किंवा राजासाठी रचलेली आहेत. कडेला मातीत बसलेला प्रेक्षक काय बोलतो, कशावर खूश होतो आणि कशाला नाके मुरडतो, हे त्यांत नाही. नाटकाच्या प्रेक्षकाचे बोलणे कालांतराने नाट्यसमीक्षा झाले, गाण्याच्या श्रोत्याचे बोलणे संगीतसमीक्षा झाले. कुस्तीच्या शौकिनाचे बोलणे मात्र बोलणेच राहिले. कोल्हापुरात हा विरोध डोळ्यांना दिसावा इतका ठळक आहे. खासबागेचे कुस्तीमैदान आणि पॅलेस थिएटर म्हणून १९१५ साली उभे राहिलेले, पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले गेलेले नाट्यगृह (ऑगस्ट २०२४ मध्ये ते आगीत भस्मसात झाले) एकमेकांना लागून होते. भिंतीच्या एका बाजूच्या रसिकतेला ग्रंथ लाभले, दुसऱ्या बाजूच्या रसिकतेला लाभली ती केवळ आठवण.

तरीही या बोलण्याला समीक्षा म्हणण्यास पुरेसा आधार आहे. समीक्षेला परिभाषा लागते, निकष लागतात, आणि व्यक्तीपेक्षा कृतीकडे पाहण्याची शिस्त लागते. या तिन्ही गोष्टी कुस्तीच्या बोलीत आहेत. तिची क्रियापदेच पाहावीत. कुस्ती 'नेमली' जाते, 'लागते', 'सुटते', 'सोडवली' जाते आणि 'मारली' जाते. यांतली पहिली चार क्रियापदे मल्लाची नाहीत. ती नेमणाऱ्याची, पंचाची, गावाची किंवा प्रत्यक्ष कुस्तीचीच आहेत. मल्लाच्या वाट्याला एकच क्रियापद येते आणि तेही तो जिंकला तर. शौकिनाच्या टीकेचा पहिला विषय त्यामुळे मल्ल नसतो, 'जोड' असते. वय, वजन, तयारी यांचा मेळ न पाहता नेमलेली कुस्ती विजोड ठरते आणि तिचा दोष हरणाऱ्यावर नव्हे तर नेमणाऱ्यावर येतो. मोठ्या नावाच्या पैलवानाने नवख्याला झटक्यात चीत केले, तर जाणता प्रेक्षक टाळी वाजवत नाही. पंच कमिटीकडे पाहतो.

दुसरा मुद्दा विभक्तीचा आहे. यात्रांतील कुस्त्यांची जी बातमी मराठी दैनिकांतून वर्षानुवर्षे छापली गेली, तिचा साचा ठरलेला आहे : अमुक तालमीच्या अमुक मल्लाने तमुक तालमीच्या तमुकाला 'घिस्सा डावावर' चीत केले, 'एकचाक डावावर' अस्मान दाखवले, 'पोकळ घिस्स्यावर' विजय मिळवला. विजय बळाने मिळत नाही, नावाने मिळत नाही. तो डावा'वर' मिळतो. एखादी मैफल रागावर उभी राहावी तसा विजय डावावर उभा असतो. या छोट्या सप्तमीने बातमीदाराला बांधून टाकले होते. कोणता डाव झाला हे ज्याला सांगता येत नाही, त्याला ती बातमी लिहिताच येत नसे. 'डोळ्यांचे पारणे फिटले' यासारखी घासून गुळगुळीत झालेली शब्दकळा त्याच बातमीत असे, हे खरे. परंतु तिच्या शेजारी डावाचे नाव असे आणि ते चुकले तर दुसऱ्या दिवशी तालमीतून विचारणा होई.

या बोलीला आकार आला तो शाहू छत्रपतींच्या काळात. राजर्षी शाहू महाराज स्वतः कुस्तीचे जाणकार होते आणि देशभरातील मल्लांना त्यांनी आश्रय दिला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त ते विलायतेला गेले असता रोमचे कलोसियम त्यांनी पाहिले आणि खासबागेची कल्पना तिथून स्फुरली, असे सांगितले जाते. १९०७ साली सुरू झालेले काम १९१२ साली पुरे झाले आणि गामाचा भाऊ इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांच्या लढतीने मैदान खुले झाले. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत गेलेली मातीची उतरण अशी ही बांधणी. मध्ये खांब नाही, आडोसा नाही. हजारो माणसे एकाच वेळी एकच गोष्ट पाहतात. मात्र प्रत्येक जण ती वेगळ्या बाजूने पाहतो. राजाचे आसन ठरलेले असले तरी पाठ टेकली की नाही हे राजाच्या बाजूने दिसेलच अशी खात्री या गोलाकाराने ठेवलेली नाही. आश्रयदात्याच्या अभिरुचीवर चालणारी कला सार्वजनिक न्यायाच्या कक्षेत आली ती या वास्तूमुळे. संस्थान १९४९ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, आश्रय आटला, तालमी लोकवर्गणीवर आणि पुढे सहकारी साखर कारखान्यांच्या मानधनावर जगू लागल्या. परंतु कडेने बसलेल्या माणसाचा न्याय करण्याचा हक्क कायम राहिला.

या हक्काचे सर्वांत तीक्ष्ण हत्यार म्हणजे 'नूरा' हा शब्द. उत्तरेकडून आलेला हा शब्द कोल्हापुरी बोलीत पूर्णपणे मुरला आहे. आधी ठरवून केलेली, नुसती दाखवायची कुस्ती ती नूरा कुस्ती. इथे फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांच्या कुस्तीवरील प्रसिद्ध निबंधाची आठवण होणे साहजिक आहे. १९५२ साली 'एस्प्री' या नियतकालिकात तो आला आणि पुढे १९५७ च्या 'मिथॉलॉजीज' या संग्रहात समाविष्ट झाला. पॅरिसमधील व्यावसायिक कुस्ती हा खेळच नव्हे, ते एक दृश्यनाट्य आहे. लढत ठरवलेली आहे की नाही याच्याशी प्रेक्षकाला कर्तव्य नसते, त्याला वेदना, पराभव आणि न्याय यांची स्पष्ट चिन्हे पाहायची असतात, असे बार्थ यांचे प्रतिपादन. चिन्हमीमांसेच्या अभ्यासात हा निबंध आदर्श मानला गेला आणि मराठीतही तो आदराने वाचला गेला. परंतु खासबागेच्या उतरणीवर तो टिकत नाही. तिथला प्रेक्षकही दृश्याचा भुकेला आहे. शड्डूचा आवाज, हलगीचा ठेका, फेटे, सलामी हे सारे त्याला हवे असते. मात्र ती लढत ठरवलेली आहे असा नुसता संशय आला तरी ते सगळे दृश्य त्याच्या लेखी कवडीमोल होते. दोन नामांकित मल्ल बराच वेळ नुसती मनगटे धरून फिरत राहिले की आधी कुजबुज, मग हुर्यो, मग उठून चालू लागणे, असा या समीक्षेचा क्रम आहे. 'बरोबरीत सोडवली' हे वाक्य बातमीत निर्विकार वाटते. बोलीत त्याला आरोपाचा वास असतो. 'निकाली' या विशेषणाला जी प्रतिष्ठा इथे मिळाली, तिचे कारण हेच. चिन्हाच्या मागे वस्तू असलीच पाहिजे, असा या रसिकतेचा हट्ट आहे.

मात्र ही समीक्षा निर्दोष नव्हती, आणि तिचा दोष तिच्या परिभाषेतच होता. मातीतल्या मैदानाला वजनगट नाहीत. इनामाच्या रकमेनुसार कुस्त्या चढत जातात आणि 'एक नंबरची' कुस्ती बहुधा भारी अंगाच्या मल्लांची असते. साहजिकच मल्लाची प्रतिमा भारदस्त देहावर उभी राहिली. १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले. १९६० साली गणपतराव आंदळकर आणि १९६४ साली मारुती माने यांनी तो किताब मिळवला. आंदळकर आणि माने १९६२ च्या जाकार्ता एशियाडमधूनही पदके घेऊन आले. पण लोकांच्या ओठी राहिले ते 'हिंदकेसरी'. किताब हा इथे केवळ बक्षीस नसतो, तो नावाचा भाग होतो, नावाच्या आधी लागतो आणि घरादाराला चिकटतो. पाकिस्तानातून आलेला सादिक पंजाबी याच काळात कोल्हापूरकरांच्या लाडका झाला. भारी देह, मोकळी कुस्ती आणि तालमीचे अन्न या तीन गोष्टी असल्या की सरहद्दही आड येत नसे. पुढे १९७० च्या दशकात दिल्लीच्या सतपालशी दादू चौगुले, युवराज पाटील, हरिश्चंद्र बिराजदार यांच्या लढती झाल्या. बिराजदारांनी १९७७ साली बेळगावात सतपालला चीत केल्याची कथा सीमाभागात आजही डावाच्या बारकाव्यांसह सांगितली जाते. ज्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता तेही ती सांगतात.

या भव्य प्रतिमांच्या रांगेत खाशाबा जाधवांना कुठे बसवायचे हे या बोलीला कधी नीट उमगले नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, १९२६ साली जन्मलेला, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला आणि १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात त्याने कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ज्या वर्षी बार्थ पॅरिसच्या मल्लांतील चिन्हे वाचत होते, त्याच वर्षी कोल्हापूरच्या तालमीतला एक मल्ल हेलसिंकीच्या मॅटवर कॅनडाच्या, मेक्सिकोच्या आणि जर्मनीच्या प्रतिस्पर्ध्यांना हरवत होता, आणि त्याच्या डावांविषयी मराठीत जवळजवळ काहीच बोलले जात नव्हते. वजन सत्तावन्न किलोंच्या आत. म्हणजे मैदानाच्या हिशेबात मधल्या फळीची कुस्ती. त्याला मिळालेले बिरुदही परके होते. 'पॉकेट डायनॅमो' हे नाव तालमीने दिलेले नव्हे. एरवी बिरुदांच्या बाबतीत हात सैल सोडणाऱ्या मराठी बोलीला या पदकवीरासाठी एक देशी विशेषण घडवता आले नाही, हा तपशील वाङ्मयाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारा आहे.

मिरवणूक झाली, याबद्दल वाद नाही. शंभराहून अधिक बैलगाड्यांची ती मिरवणूक खाशाबांच्या प्रत्येक चरित्रकथेत येते. तसेच येते ते प्राचार्य खर्डेकरांनी प्रवासखर्चासाठी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकल्याचे वृत्त. निवडीच्या वेळी गुण देताना अन्याय झाल्याची तक्रार पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेल्याचे वृत्त. आणि रशियन मल्लाशी लढण्यापूर्वी हक्काची अर्ध्या तासाची विश्रांती मागून घेण्यास एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, हे वृत्त. १९५५ साली पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागलेली नोकरी, १९८४ सालचा अपघाती मृत्यू, २००० सालचा मरणोत्तर अर्जुन पुरस्कार, २०१० साली दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला दिलेले नाव, आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिन राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचा महाराष्ट्र शासनाचा अलीकडचा निर्णय : अशी ही कथा पुढे जाते. यातला जवळजवळ प्रत्येक प्रसंग मॅटच्या बाहेर घडतो. वीररसाच्या चरित्राचे करुणरसात रूपांतर झाले आहे. नायक लढला कसा याऐवजी त्याला छळले कोणी, हा कथेचा कणा झाला. उपेक्षा खरी होती, तिची चीडही न्याय्य होती. प्रश्न एवढाच की उपेक्षेची कथा सांगता सांगता कुस्ती सांगायची राहून गेली. खंचनाळ्यांची किंवा बिराजदारांची कुस्ती म्हाताऱ्यांना आठवते, खाशाबांच्या बाबतीत आठवतात त्या बैलगाड्या. जिथे कौशल्याची भाषा संपते तिथे चरित्र सुरू होते, आणि चरित्रावर केवळ दोनच गोष्टी करता येतात : हळहळणे किंवा हात जोडणे. समीक्षा करता येत नाही.

हा प्रकार कुस्तीपुरता मर्यादित नाही. कोल्हापूरचेच भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्रातर्फे काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनच्या तत्कालीन विक्रमापासून नऊ धावा दूर असताना प्रतिस्पर्धी संघ सामना सोडून निघून गेला. निंबाळकर २०१२ पर्यंत हयात होते. त्यांच्याविषयी जे बोलले गेले ते प्रामुख्याने त्या न केलेल्या नऊ धावांविषयी आणि न मिळालेल्या कसोटी सामन्याविषयी. केलेल्या ४४३ धावांतला एकही फटका लोकस्मृतीत नाही.

आणि अगदी अलीकडचे उदाहरण गगनबावड्याच्या शेजारच्या राधानगरी तालुक्यातले आहे. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकले. 'खाशाबांनंतर बहात्तर वर्षांनी' हे शब्द त्या दिवशी महाराष्ट्रात सर्वत्र उच्चारले गेले. एका पदकाने दुसऱ्याला जणू हाक मारली. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने अशा तिन्ही अवस्थांत नेम धरताना शरीरात काय बदलते, श्वास कुठे रोखला जातो, उभ्याची अवस्था अवघड का, हे सांगणारे बोलणे मात्र अपवादानेच ऐकू आले. ऐकू आले ते रेल्वेतील तिकीट तपासनीसाची नोकरी, धोनीशी साम्य आणि घरची परिस्थिती. खेळाडूचा यात काही दोष नाही. नेमबाजीला मराठी बोलीत अजून डाव नाही. मग प्रतिमा नोकरीवर आणि स्वभावावर उभी राहते.

मात्र ज्या खेळाला परिभाषा आहे, त्याच्या बोलण्याचे काय झाले? मातीवरची कुस्ती मॅटवर गेली, आंतरराष्ट्रीय नियम आले, महाराष्ट्र केसरीसारखी स्पर्धा (ती १९६१ पासून चालू आहे) गुणांवर लढली जाऊ लागली, तेव्हा बातमीतली सप्तमी तशीच राहिली. तिच्या आधीचे नाम बदलले. 'डावावर'च्या जागी 'गुणांवर' आले. हा बदल वाईट म्हणण्याचे कारण नाही. वजनगट आणि गुण यांमुळेच खाशाबांसारख्या मल्लाला जगाच्या पाठीवर जागा मिळाली; मातीच्या न्यायाने ती त्याला कधीच मिळाली नसती. बरोबरीच्या नावाखाली चालणाऱ्या नूरा कुस्तीलाही गुणांनी काहीसा आळा घातला. परंतु गुण देतो पंच, आणि डाव मारतो मल्ल. टीकेचा रोख कुस्तीकडून निर्णयाकडे सरकणे या बदलातच अंतर्भूत होते.

जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत या दृष्टीने एखाद्या संहितेसारखी वाचावी अशी आहे. गायकवाड यांनी टाकलेल्या 'बाहेरच्या टांगे'ला पंचांनी चार गुण दिले आणि त्या चार गुणांनी लढत फिरली. शेख हे मोहोळचे, कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेले आणि मातीतल्या मैदानांत अमाप लोकप्रिय. गावोगावच्या शौकिनांनी ते चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिले आणि टांग पूर्ण बसली होती का, पाठ धोक्याच्या कोनात गेली होती का, चार गुणांऐवजी दोन द्यायला हवे होते का, यावर जी चर्चा केली ती पहिल्या दोन-तीन दिवसांत विलक्षण सूक्ष्म होती. लोकसमीक्षेची ती कसोटी होती आणि ती तीत उतरली. माती आणि मॅट या दोन्ही न्यायांची तुलना त्या चर्चेत झाली. कित्येकांनी आपल्या लाडक्या मल्लाच्या विरोधातही मत दिले. मग मात्र सूर बदलला. पंचाला धमकीचा फोन आल्याच्या बातम्या आल्या, मल्लाचा धर्म, पंचाचे गाव, तालमींचे राजकारण हे विषय डावाच्या जागी आले. 'टांग बसली का' या प्रश्नाचे 'टांग बसवली कोणी' असे रूपांतर झाले. नूरा या जुन्या शब्दात संशय होता, पण तो लढतीवरचा संशय होता आणि त्याला समोर दिसणारा पुरावा लागत असे. मनगटे धरून फिरणारे दोन मल्ल सगळ्यांना दिसत. गुणांच्या मागे असलेले मन कोणालाच दिसत नाही, म्हणून त्याच्याविषयी काहीही बोलता येते. त्या स्पर्धेत शिवराज राक्षे विजयी झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे झालेल्या अंतिम लढतीत शेख यांनी राक्षे यांना अर्ध्या मिनिटाच्या आत चीत केले. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत अनेक वर्षांनी तो जुना प्रयोग ठळक अक्षरांत परतला : 'झोळी डावावर'. त्या निकालाविषयी कोणी वाद घातला नाही.

या बोलीच्या आणखी एका मर्यादेचा उल्लेख इथे करणे आवश्यक आहे. मार्च २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडी तिच्या मानकरी ठरल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलीही मॅटवर गेली कित्येक वर्षे पदके मिळवीत आहेत. डावांची नावे त्यांना जशीच्या तशी लागू पडतात; घिस्सा हा घिस्साच असतो. स्तुतीची विशेषणे मात्र अडतात. 'मर्दानी', 'मर्दुमकी', 'वाघ' या शब्दांनी बांधलेली प्रशंसा मुलीपाशी आली की एकतर विनोदी होते किंवा 'मुलगी असूनही' या वाक्प्रयोगाचा आधार घेते. परिभाषा पुढे गेली आहे आणि अलंकार मागे राहिले आहेत. जुन्या वस्तादांपैकी ज्यांनी मुलींना शिकवायला घेतले, ते तालमीत विशेषणे वापरतच नाहीत. डावाचे नाव घेतात आणि पुन्हा करायला लावतात.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील स्पर्धेत पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे यांच्या उपांत्य लढतीत पंचांनी राक्षे चीत झाल्याचा निर्णय दिला. दोन्ही खांदे टेकले नव्हते, असे राक्षे यांचे म्हणणे होते. प्रकरण पंचाला लाथ मारण्यापर्यंत गेले. अंतिम फेरीत महेंद्र गायकवाड यांनी मॅट सोडली, मोहोळ विजयी घोषित झाले आणि राक्षे व गायकवाड या दोघांवरही तीन वर्षांच्या बंदीचा निर्णय जाहीर झाला. लाथेचे समर्थन करणारे थोडे होते. तरीही या वेळी वाद गुणांचा नव्हता. पाठ टेकली का, हा १९१२ पासून खासबागेच्या उतरणीवर विचारला जाणारा प्रश्नच पुन्हा विचारला जात होता, आणि त्याच्याबरोबर जुनी परिभाषाही बाहेर आली : एक खांदा वर होता, कंबर वळलेली होती, कबजा पुरा नव्हता. चित्रीकरण एका बाजूचे होते. पंचाने काय पाहिले हे त्या बाजूने दिसत नव्हते, आणि पंच जिथे होता तिथून काढलेले चित्र बहुतेकांच्या हाती नव्हते. घाटमाथ्यावरच्या गावांतही हातातल्या पडद्यावर तो क्षण थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहिला गेला. खासबागेत बसलेला माणूस अशा वेळी समोरच्या उतरणीवरच्या माणसाला ओरडून विचारत असे, कारण त्याला दुसरी बाजू दिसत असे.